सातारा ‘आला’ की घेतला?

मागच्या हिवाळ्यात लेकीने शाळेच्या प्रकल्पासाठी आपल्या आजोळचा, साताऱ्याचा, इतिहास निवडला. इंग्रजी पुस्तकं चाळून तिने पहिलं वाक्य लिहिलं आणि आजीला मराठीत सांगितलं, ‘‘१८४८ मध्ये सातारा ब्रिटिशांकडे आला.’’ इथे लंडनला चार महिन्यांसाठी आलेली माझी आई म्हणाली, ‘‘आला म्हणजे? चालत आला का गं?’’

आम्ही हसलो; पण प्रश्न खरा होता. त्या वाक्यात कर्ताच नव्हता.

इंग्रजी इतिहासात या घटनेसाठी ‘लॅप्स’ हा शब्द येतो. हप्ता चुकला की विम्याची पॉलिसी लॅप्स होते, तसं राज्यही जणू आपोआप संपलं! प्रत्यक्षात १८१९ च्या तहात कंपनीने हे राज्य प्रतापसिंह महाराज आणि त्यांच्या वारसांना दिलं होतं. १८३९ मध्ये तिनेच त्यांना पदच्युत करून भाऊ शहाजी यांना गादीवर बसवलं. शहाजींनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो नामंजूर केला. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचा मात्र राज्य खालसा करायला विरोध होता. म्हणजे इंग्रजांमध्येही दोन मतं होती. ‘लॅप्स’ म्हटलं की हा वाद, निर्णय आणि निर्णय घेणारा, सगळेच दिसेनासे होतात.

प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी याच लंडनमध्ये एक तपाहून अधिक काळ दाद मागत राहिले आणि १८५३ मध्ये रिकाम्या हाताने परतले. आपोआप संपलेल्या राज्यासाठी कुणी एवढे उंबरठे झिजवेल का?

आपली मराठीही यातून सुटलेली नाही. ‘संस्थान खालसा झाले’ असं आपणही सहज लिहितो. कुणी केले, हे वाक्य सांगत नाही.

आणि हाच नियम आपल्या पराक्रमालाही लावायला हवा. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये गेल्या. आपण त्याला ‘स्वारी’ म्हणतो, ‘चौथाई वसूल केली’ म्हणतो. बंगाली घरांत मात्र बाळाला झोपवताना ‘बर्गी’ येतील अशी भीती घालणारं अंगाईगीत आजही गातात. हे बर्गी म्हणजे आपले बारगीर. आपल्या पुस्तकातला कर्ता त्यांच्या अंगाईत सापडतो!

इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना दोन्ही बाजूंची पुस्तकं वाचावी लागणार. त्यांना ‘आपलं ते खरं’ शिकवण्यापेक्षा प्रत्येक वाक्यात कर्ता शोधायला शिकवावं. कुणी केलं? कुणाला सोसावं लागलं? आणि त्या लोकांनी त्याला काय नाव दिलं?

लेकीने वाक्य बदललं, ‘‘१८४८ मध्ये डलहौसीने दत्तक वारस नाकारून सातारा कंपनीच्या राज्यात घेतला.’’

आई म्हणाली, ‘‘हां, आता कळलं कुणी नेला ते.’’