पेयपरिचय : टकीलाची चव

टकीलाची चव तिच्या वनस्पतीत असते. महाराष्ट्रात शेतांच्या बांधांवर दिसणाऱ्या घायपाताच्या कुळातली निळी अगेव्ह ही ती वनस्पती. मेक्सिकोतील हालिस्को राज्य आणि इतर चार राज्यांतील ठरावीक भाग, एवढ्याच प्रदेशात कायद्याने टकीला बनवता येते. ऊस वर्ष-दीड वर्षात तोडणीला येतो, अगेव्हला मात्र पक्व व्हायला साधारण 6 ते 8 वर्षे लागतात. मग ‘हिमादोर’ म्हणून ओळखले जाणारे कामगार लांब दांड्याच्या, गोल पात्याच्या हत्याराने पाने छाटून मधला गड्डा काढतात. तो भट्टीत शिजवल्यावर त्यातील कर्बोदकांची साखर होते. त्याचा रस पिळून आंबवतात आणि किमान दोनदा ऊर्ध्वपातन करतात.

इतकी वर्षे सांभाळलेला माल महाग पडतो, म्हणून त्यात दुसरी स्वस्त साखर मिसळली जाते. नियमांनाही ते मान्य आहे. आंबवण्यातली किमान 51 टक्के साखर अगेव्हची असली की बाटलीवर ‘टकीला’ लिहिता येते. चव शिकू पाहणाऱ्याने ‘100 टक्के अगेव्ह’ असे छापलेलीच बाटली घ्यावी. ही पहिली अट चुकली, तर पुढचे सारे व्यर्थ आहे.

सुरुवात ‘ब्लँको’पासून करावी. ही पिंपात न मुरवलेली किंवा दोन महिन्यांपेक्षा कमी मुरलेली असते, त्यामुळे वनस्पतीचा स्वाद तिच्यात उघडा मिळतो. मीठ चाटून, एका घोटात गिळून वर लिंबू चोखण्याने तो स्वादच झाकला जातो. बर्फ न घालता, निमुळत्या तोंडाच्या छोट्या ग्लासात थोडीशी ओतावी, आधी वास घ्यावा, मग लहानसा घोट जिभेवर फिरवावा. पहिला घोट बहुधा नुसता जाळतो. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला भाजलेल्या रताळ्यासारखा गोडवा, मिरीचा तिखटपणा, लिंबाची साल आणि ओले गवत असे वेगवेगळे थर कळू लागतात. हालिस्कोतच ‘सांग्रिता’ हे संत्रे, लिंबू आणि मिरचीचे आंबट-तिखट पेय टकीलासोबत आलटून-पालटून घेतात. नवख्याला त्याची चांगली मदत होते.

ओकच्या पिंपात 2 महिन्यांहून अधिक मुरलेली ती ‘रेपोसादो’, वर्षभर मुरलेली ‘अन्येहो’ आणि 3 वर्षांची ‘एक्स्ट्रा अन्येहो’. लाकूड तिला व्हॅनिला आणि कॅरॅमलची छटा देते. व्हिस्कीची सवय असलेल्यांना अन्येहो लवकर आवडते, पण तिच्यात अगेव्ह मागे पडते. गडद रंगावरून दर्जा ठरवणे तर धोक्याचेच, कारण रंग आणि गोडी वाढवणारे पदार्थ 1 टक्क्यापर्यंत मिसळायला नियमांनी मुभा दिली आहे.

कॉकटेल ही कमी प्रतीची वाट नव्हे. मार्गारिटामध्ये टकीला, संत्र्याचे लिकर आणि लिंबाचा ताजा रस असतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या हुलिओ बेर्मेहो यांनी लिकर काढून अगेव्हचाच पाक घातला, आणि ‘टॉमीज मार्गारिटा’त टकीला अधिक स्पष्ट झाली. मेक्सिकोत लोकप्रिय असलेली ‘पालोमा’ त्याहून सोपी. टकीला, ग्रेपफ्रूटचा सोडा, लिंबू आणि चिमूटभर मीठ एवढ्यावर ती तयार होते. मिश्रणासाठी ब्लँको किंवा रेपोसादोच वापरावी. एक्स्ट्रा अन्येहो लिंबाच्या रसात ओतली, तर 3 वर्षांचे मुरणे वाया जाते.