अंतर किलोमीटरचे, खोळंबा रांगेचा



आपल्या इचलकरंजी भागातली पोरं हल्ली मुंबईला विमानाने जाऊ लागली आहेत. गट ऑफिसात त्यावरून विषय निघतो, "साहेब, कोल्हापूर-मुंबई विमानाला किती वेळ लागतो हो?" या प्रश्नाचे उत्तर आपल्या उसाच्याही कामाचे आहे, म्हणून येथे देतो.

उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ साली सुरू झाला. तेथून मुंबई विमानतळ हवेतून सरळ रेषेत सुमारे ३१० किलोमीटर आहे. रेल्वे मिरज-पुण्यावरून फिरून जाते, तिला ५०० च्या वर किलोमीटर पडतात. पंख्याचे प्रवासी विमान वरती ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास धावते. म्हणजे हिशेबाने ३७ मिनिटे झाली. वेळापत्रकात मात्र तासाभराचा वेळ धरलेला असतो. मग उरलेली मिनिटे गेली कुठे?

वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत सावकाश जाणे, चढणे, उतरणे, उतरण्यासाठी वळसा घेणे, हे सगळे त्यात आले. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. विमाने अनेक आणि तोंड एक! नंबर लागेपर्यंत विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात आणि तेल फुकट जळते.

यावर विमानवाल्यांनी उपाय काढला आहे. मुंबईत गर्दी असेल तर विमानाला निघायच्या ठिकाणीच, जमिनीवर थांबवून ठेवतात. उशीर तेवढाच होतो, पण तेल वाचते.

आता आपली गव्हाण बघा. गाड्या अनेक, तोंड एकच. फड कारखान्यापासून ५ किलोमीटरवर असो की २५, गाडीचा रस्त्यातला वेळ थोडा असतो, खरा खोळंबा फडात आणि नंबरात होतो. उभा ऊस चार दिवस थांबला तर फारसे बिघडत नाही. पण कोयता लागला की विमान उडाले म्हणून समजा! तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते आणि आतली साखर मोडू लागते. जळीत उसाचे तर आणखी लवकर बिघडते. वजनाची तूट ज्याची त्याला काट्यावर दिसते, उताऱ्याची तूट मात्र दराच्या रूपाने सर्वांनाच सोसावी लागते.

तेव्हा थांबायचे तर तोडीआधी थांबा. चिठ्ठी हातात आणि वाहनाची खात्री झाल्याशिवाय कोयता लावू देऊ नका. सकाळी तोडलेला ऊस त्याच दिवशी भरा आणि २४ तासांच्या आत गाळपाला जाईल असे बघा. लवकर तोड मिळावी म्हणून फड पेटवू नका. यार्डातल्या गाड्या पाहूनच चिठ्ठ्या सोडणे हे आमच्या शेतकी खात्याचे काम. त्यात कसूर दिसली तर गट ऑफिसात येऊन हक्काने जाब विचारा.

आपला,
ऊस विकास अधिकारी