चोडणच्या कांदळवनातली पायवाट



खाडीकाठच्या आपल्या गावांत खाडीकडे कोणी फिरायला जात नाही, कामाला जातं. तिसऱ्या काढायच्या, कालवं काढायची, खेकडे पकडायचे, पाणी चढायच्या आत घरी यायचं. म्हणून गटाच्या सभेत आम्ही सांगितलं की गोव्यात लोक तिकीट काढून कांदळवनातून चालायला जातात, तेव्हा पहिला प्रश्न आला, "चिखल बघायला पैसे कोण देतं?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

चोडण हे मांडवी नदीतलं बेट. पणजीहून जुन्या गोव्याकडे जाताना रायबंदर लागतं, तिथल्या धक्क्यावरून फेरीबोट पाच-दहा मिनिटांत पलीकडे सोडते. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. आयुष्यभर पक्ष्यांचा अभ्यास करणारे सलीम अली १९८७ साली गेले आणि १९८८ मध्ये या जागेला त्यांचं नाव मिळालं. क्षेत्र १७८ हेक्टर, म्हणजे सुमारे ४४० एकर. अभयारण्य म्हटलं की डोळ्यांसमोर जीपगाडी येते, पण इथे गाडीचं काम नाही. कांदळवनातून एक बांधीव पायवाट जाते, तिच्यावरून चालायचं. दोन्ही बाजूंना चिखल आणि झाडं, वर फांद्यांची कमान.

या वाटेवर काय दिसतं, हे तुम्ही किती वाजता गेलात यावर ठरतं. आणि ती वेळ घड्याळ ठरवत नाही, भरती-ओहोटी ठरवते. पाणी चढलेलं असेल तर झाडांचे शेंडे आणि गढूळ पाणी, एवढंच बघून परत यावं लागतं. ओहोटी लागली, चिखल उघडा पडला, की सगळा बाजार भरतो. खेकडे बिळांतून बाहेर येतात, निवट्या चिखलावर उड्या मारतात, आणि त्यांना टिपायला बगळे, वंचक, खंड्या येऊन बसतात.

म्हणजे आधी ओहोटीची वेळ काढता आली पाहिजे. आपल्या सासवा ती बोटांवर काढायच्या. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी नऊला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी ऐन दुपारी बाराला. पुनवेला आणि अवसेला भरती दुपारी बाराच्या आसपास. जागेप्रमाणे तासभर पुढेमागे होतं. खाडीत आत गेलं की पाणी उशिरा पोचतं. पण हिशेब तोच.

आता हाच हिशेब पायवाटेला लावून बघा. पक्षी बघायला सकाळची वेळ चांगली, उन्हं चढली की तेही सावलीला जातात. सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान ओहोटी हवी असेल तर द्वितीया, तृतीया, चतुर्थी या तिथी सोयीच्या, शुद्ध पक्षातल्या आणि वद्य पक्षातल्याही. शिवाय पुनव-अवसेच्या लगतच्या दिवसांत उधाण असतं, त्यामुळे ओहोटीही खोल जाते आणि चिखल दूरवर उघडा पडतो. अष्टमीच्या भांगाला पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. सुट्टी बघून रविवारी येणाऱ्या पाहुण्याला हे कुठून कळणार? आपल्याला कळतं. हे ज्ञान आपण फुकट वापरतो, त्यामुळे त्याची किंमत आपल्यालाच वाटत नाही.

महिना म्हणाल तर ऑक्टोबर ते मार्च. थंडीत उत्तरेकडून तुतारीसारखे पाहुणे पक्षी येतात आणि चिखलात चोच खुपसत फिरतात. पण पक्ष्यांच्या नादात झाडांकडे दुर्लक्ष करू नका. आम्हाला तरी या वाटेवर झाडंच जास्त आवडतात. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली असतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड ही मुळं वर काढून श्वास घेतं. तिवराचं पान तोडू नका, झाडावरच त्याला जीभ लावून बघा, खारट लागेल. खाऱ्या पाण्यातलं जास्तीचं मीठ ते पानांतून बाहेर टाकतं. कांदळाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि लांब हिरव्या शेंगेसारखं लोंबतं. तयार झालं की खाली सुटतं, चिखलात उभं रुतलं तर तिथेच वाढतं, नाहीतर पाण्याबरोबर दुसरीकडे जाऊन रुजतं. लेक सासरी पाठवण्याआधी तिला शिकवून-सवरून तयार करावं, तसंच म्हणा ना! तिसरी चिपी. तिच्यातल्या पांढऱ्या चिपीला महाराष्ट्राने २०२० साली राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

वाट सोडून चिखलात का उतरायचं नाही, तेही यातूनच समजतं. श्वासाची मुळं पायाखाली मोडली की झाड गुदमरतं. खेकड्यांच्या बिळांतून चिखलात हवा-पाणी खेळतं, ती बिळं तुडवली की मुळांचंही नुकसान. एक डेंगा भलामोठा असलेले ते चिमुकले खेकडे बघायचे तर हलायचं नाही. पावलांचा आवाज झाला की सगळे एका दमात बिळात. पाच मिनिटं गप्प उभं राहिलं की परत वर येतात आणि नर तो डेंगा हलवून मादीला बोलावू लागतात. म्हणून पाच-सात जणांचीच टोळी बरी. पन्नास जणांची सहल आणि वेफर्सची पाकिटं असतील तर फक्त झाडं दिसतील.

मांडवीच्या या भागात पाणमांजरं आहेत, कोल्हे आहेत, मगरीही आहेत. ही जनावरं दिसतीलच असं नाही. बांधावर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा दिसली तर पाणमांजर येऊन गेलं म्हणायचं. मगरी आहेत म्हणूनही पाण्याच्या कडेला रेंगाळायचं नाही. गोव्यात खाडीकाठच्या काही गावांत पौष अवसेला मातीची मगर करून पूजतात, तिने शेताचा बांध सांभाळावा म्हणून. भीती आणि शेजार दोन्ही जपायची ही रीत आम्हाला आवडली.

बांधाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. चोडण म्हणजे नुसतं अभयारण्य नव्हे. तिथे खाजनं आहेत, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली शेतं. पाणी आत-बाहेर सोडायला बांधात लाकडी दारं असतात, त्यांना मानस म्हणतात. बांधाबाहेरचं कांदळवन लाटांचा मार झेलतं. पण बांध फुटला, शेत पडीक राहिलं, की तेच कांदळ शेतात शिरतं आणि मग शेतकरी चिडतो. त्याचं चिडणं खोटं नाही. कांदळवन जपा असं नुसतं बाहेरून सांगून चालत नाही, गावाला त्यातून दोन पैसे मिळाले पाहिजेत.

हे होऊ शकतं, याचा दाखला आपल्या सिंधुदुर्गातच आहे. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत २०१७ पासून बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात, झाडांची नावं सांगतात, पक्षी ओळखून दाखवतात. (ही मांडवी वेगळी, गोव्याची नदी वेगळी.) महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठानची उपजीविका योजना आहे. तिच्यात खेकडापालन, कालवंपालन यांच्याबरोबर निसर्ग पर्यटनही येतं, आणि गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती स्थापन करून तिच्यामार्फत काम चालतं. तुमच्या गावात ही समिती आहे का आणि तिच्यात बायका किती, हे ग्रामपंचायतीत विचारा. समिती कागदावर असते आणि बायकांना पत्ता नसतो, असंही होतं.

आमच्या गटाने अजून पाटी लावलेली नाही, पत्रकही छापलेलं नाही. खाडीच्या जुन्या बांधावरून चालायला दहाजणी तयार आहेत, पण आधी वर्षभर वही लिहायची ठरली आहे. दर आठवड्याला दोघीजणी बांधावरून फिरतील. तिथी, ओहोटीची वेळ, कोणते पक्षी, कोणतं झाड फुललं, वाट कुठे खचली, हे लिहितील. जिला लिहिता येत नाही ती सांगेल, दुसरी लिहील. पक्ष्याचं पुस्तकी नाव ठाऊक नसेल तर गावातलं नाव चालेल. वर्षाच्या शेवटी कोणत्या महिन्यात, कोणत्या तिथीला पाहुणे बोलवायचे, हे वहीच सांगेल, आणि समितीपुढे अर्ज घेऊन जाताना हातात काहीतरी असेल. वहीची पानं कशी आखली आहेत ते बघायचं असेल तर प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीला या, आम्ही ती बरोबर आणणार आहोत.