बांध, भात आणि पाणपक्षी : अघनाशिनी खाडीचा धडा

जागतिक पाणथळ दिनाच्या तोंडावर, ३१ जानेवारी २०२४ रोजी, कर्नाटकातील अघनाशिनी खाडीचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत झाल्याचे जाहीर झाले. उत्तर कन्नड जिल्ह्यात, गोकर्णच्या दक्षिणेस नदी अरबी समुद्राला मिळते. तेथील ४,८०१ हेक्टर क्षेत्राला हा आंतरराष्ट्रीय दर्जा लाभला आहे. नदीवर मोठे धरण नसल्यामुळे घाटातील गोडे पाणी आणि गाळ खाडीपर्यंत अखंड येतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी येथील कांदळवने, मासे, शिंपले आणि त्यांवर चालणारी उपजीविका यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलात किडे, कृमी, खेकडे आणि शिंपले विपुल असतात. त्यांवर हिवाळ्यात चिखले, तुतवार यांसारखे स्थलांतरित पक्षी पोसले जातात. पाण्यावर कुरव व सुरय घिरट्या घालतात, तर बगळे आणि खंड्या लगतच्या शेतांतही उतरतात. पक्षिनिरीक्षकांना दिसणारे हे वैभव केवळ निसर्गनिर्मित नाही. त्यामागे शेतकऱ्याचे श्रमही आहेत.

खाडीकाठच्या बांधबंदिस्तीच्या भातशेतांना येथे 'गजनी' म्हणतात. पावसाने जमिनीतील क्षार धुऊन निघाले की तेथे 'कग्गा' हे क्षारसहिष्णू, उंच वाढणारे पारंपरिक भात घेतले जाते. पुराचे पाणी काही दिवस साचले तरी ते तग धरते, आणि त्याला रासायनिक खताची गरज भासत नाही. कापणीनंतर बांधातील दारे उघडून भरतीचे पाणी आत घेतले जाते. कुजणाऱ्या धसकटांवर मासे व कोळंबी वाढतात; त्यांची विष्ठा आणि गाळ यांमुळे पुढील हंगामासाठी जमीन सुपीक होते. एकाच शेतातून भात, मासळी आणि पक्ष्यांना चारा असे तिहेरी उत्पन्न मिळते.

हे चक्र आज धोक्यात आहे. तत्काळ नफ्यासाठी काही ठिकाणी वर्षभर खारे पाणी कोंडून कोळंबी वाढवली गेली. अशा जमिनीतील क्षार पावसाळ्यातही धुतले जात नाहीत, भात हद्दपार होते आणि बांधांची सामूहिक देखभालही थांबते. एक बांध फुटला की खारे पाणी शेजारच्या शेतांत शिरते. त्यामुळे एकट्या शेतकऱ्याने कग्गा टिकवणे कठीण होते. कुमठा तालुक्यातील माणिकट्टा येथील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन हे भात जपले, हे म्हणूनच महत्त्वाचे.

गोव्यातील खाजण शेती आणि कोकणातील खारभूमी याच कुळातील आहेत. गोव्यात कोरगुट हे भात आणि 'मानस' ही बांधातील झडप, तर कोकणात उघाडी आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे क्षारसहिष्णू वाण प्रसिद्ध आहेत. विस्तार कार्यकर्त्यांनी त्या भागात चार गोष्टींचा आग्रह धरावा : पावसाळ्यापूर्वी बांध व दारांची सामूहिक दुरुस्ती, दारे उघडण्या-मिटण्याचे सर्वसंमत वेळापत्रक, स्थानिक वाणांच्या बियाण्याची गावपातळीवर साठवण आणि कीटकनाशकांचा वापर टाळणे. चिखलातील जीव मेले तर मासळीही जाते आणि पक्षीही.

रामसरचा दर्जा खाडीचे महत्त्व जगासमोर मांडतो. पण भरतीच्या वेळी बांध सांभाळण्याचे काम गावालाच करावे लागते. ते काम शेतकऱ्याला परवडले, तरच पाहुणे पक्षी पुढील हिवाळ्यातही या चिखलावर उतरतील.