मोबाइलचा मनोरा आणि घर : अंतराचा नियम

गावात मोबाइलचा मनोरा, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातला टॉवर, उभारावयाचा ठरला की बहुधा दोन पक्ष पडतात. संपर्क सुधारेल आणि जागेचे भाडे मिळेल, म्हणून काहींना तो हवा असतो. लहरींनी मुलाबाळांस अपाय होईल, या भीतीने काहींना तो नको असतो. दोन्ही पक्षांची माणसे अखेर शाळेत येतात आणि विचारतात, ‘गुरुजी, टॉवर घरापासून किती लांब हवा?’ या प्रश्नास एकाच आकड्याचे उत्तर नाही. ते का नाही, हे शिक्षकाने प्रथम स्वतः समजून घेतले पाहिजे.

मनोऱ्यावरील ॲन्टेनांतून रेडिओलहरी बाहेर पडतात. क्ष-किरणांप्रमाणे अणूतील इलेक्ट्रॉन वेगळे करण्याइतकी शक्ती त्यांत नसते. मात्र त्यांची तीव्रता फार वाढली तर शरीराच्या ऊतींना उष्णता पोहोचते. अंतराबरोबर ही तीव्रता झपाट्याने घटते. वर्गात हे सहज दाखविता येते. पुठ्ठ्यास चौकोनी भोक पाडून त्यातून विजेरीचा प्रकाश भिंतीवर पाडावा. विजेरी व पुठ्ठा जागीच ठेवून विजेरीपासून भिंतीचे अंतर दुप्पट केले की प्रकाशाचा चौकोन चौपट होतो आणि उजेड एक चतुर्थांश उरतो. रेडिओलहरींनाही हाच नियम लागू आहे.

म्हणून मूळ नियम मीटरांचा नसून तीव्रतेचा आहे. भारताने २००८ साली आंतरराष्ट्रीय मर्यादा स्वीकारल्या आणि १ सप्टेंबर २०१२ पासून त्या एक दशांशावर आणल्या. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा दर चौरस मीटरला ४.५ वॅट होती. भारताने ती ०.४५ वॅट केली. लोक जेथे राहतात वा वावरतात अशा कोणत्याही जागी तीव्रता याहून अधिक असू नये, असा त्याचा अर्थ होय.

हीच मर्यादा अंतराच्या भाषेत सांगता यावी म्हणून दूरसंचार विभागाने राज्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या. त्या १ ऑगस्ट २०१३ पासून अमलात आल्या. त्यांनुसार एका दिशेस एक ॲन्टेना असल्यास समोरच्या इमारतीपर्यंत किमान २० मीटर, दोन असल्यास ३५, चार असल्यास ४५, सहा असल्यास ५५ आणि बारा असल्यास ७५ मीटर अंतर असावे. येथे ‘समोर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हे अंतर मनोऱ्याच्या पायथ्यापासून जमिनीवर मोजावयाचे नाही. ॲन्टेनाच्या तोंडापासून, तिच्या दिशेने आणि तिच्याच उंचीवर येणाऱ्या इमारतीपर्यंत ते मोजावयाचे आहे.

एक उदाहरण घेऊ. ॲन्टेना ४० मीटर उंचीवर आहे, शाळेचे छप्पर ५ मीटर उंच आहे आणि शाळा पायथ्यापासून १२ मीटरांवर आहे. उंचीतील फरक ३५ मीटर. म्हणून काटकोन त्रिकोणाच्या नियमाने ॲन्टेना व छप्पर यांतील सरळ अंतर ३७ मीटर भरते. शिवाय लहरींचा मुख्य झोत जवळजवळ आडवा, किंचित खाली झुकलेला असल्याने तो शाळेवरून पुढे निघून जातो. याउलट, तीन मजली इमारतीच्या गच्चीवर आखूड खांबास ॲन्टेना लावली आणि गल्लीपलीकडे १५ मीटरांवर तितक्याच उंचीचे घर तिच्या तोंडासमोर आले, तर एकच ॲन्टेना असूनही ते अंतर अपुरे होय. डोळ्यांत भरणारा उंच मनोरा अधिक घातक आणि गच्चीवरचा लहान खांब निर्धोक, हा समज म्हणूनच खरा नव्हे.

तथापि लोकांची शंका हसण्यावारी नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओलहरींचा समावेश ‘कर्करोगास कदाचित कारण होऊ शकतील’ अशा गटात केला. त्यामागचा पुरावा मर्यादित होता आणि तो मुख्यतः कानाशी धरलेल्या फोनच्या वापरासंबंधी होता. राजस्थान उच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर २०१२ रोजी शाळा व रुग्णालये यांवरील मनोरे हटविण्याचा आदेश दिला. अपाय सिद्ध होणे आणि सावधगिरी बाळगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिक्षकाने लोकांस समजावून द्यावे.

लहरींखेरीज मनोऱ्याची मजबुती, वीजरोधक आणि डिझेल जनित्राचा आवाज व धूर यांचाही विचार करावा लागतो. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या दूरसंचार मार्गाधिकार नियमांनुसार खाजगी जागेसाठी मालकाशी करार करावा लागतो, तर सार्वजनिक जागेसाठी संबंधित संस्थेची परवानगी घ्यावी लागते. यास्तव शाळेच्या आवाराबद्दल विचारणा झाल्यास मुख्याध्यापकाने परस्पर संमती देऊ नये. प्रकरण लेखी स्वरूपात वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवावे. तीव्रतेविषयी शंका असल्यास ती मोजून घेता येते. दूरसंचार विभागाने २०१७ साली सुरू केलेल्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर शुल्क भरून मोजणीची मागणी करण्याची सोय करण्यात आली.

ग्रामसभेत शिक्षकाने कोणत्याही पक्षाचा वकील होऊ नये. ॲन्टेना किती, त्यांची उंची किती, तोंड कोणीकडे, समोर कोणाचे घर आणि मजबुतीचा दाखला आहे काय, हे पाच प्रश्न त्याने फळ्यावर लिहून द्यावेत. त्यांची उत्तरे हाती आली की गाव अफवेवर नव्हे, तर मोजमापावर निर्णय घेईल. आणि तो निर्णय कोणताही असो, त्यावरून शेजाऱ्यांत वैर राहणार नाही.