आंग्र्यांच्या गुराबेची प्रतिकृति

जुन्या युद्धनौकेची लहान प्रतिकृति करूं पाहणाऱ्या हौशी माणसाला प्रथम लांकूड लागत नाहीं, आराखडा लागतो. इंग्लंडांत ही सोय फार जुनी आहे. सतराव्या शतकापासून तेथील आरमारासाठीं एका फुटाला पाव इंच, म्हणजे मूळच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शानें केलेल्या प्रतिकृति आजहि ग्रिनिच येथील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्यांतील कित्येकींच्या तळाला मुद्दामच फळ्या मारलेल्या नाहींत. आंतील फासळ्या उघड्या दिसतात, आणि जहाज कसें उभें राहतें तें एका नजरेंत कळतें.

आराखड्याचें महत्त्व मुंबईच्या गोदींतहि दिसून आलें. जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं सागवानांतून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही नौका १८१७ सालीं पाण्यांत उतरली. तिचे आराखडे घेऊन निघालेली ‘जावा’ ही नौका १८१२ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यानजीक अमेरिकन युद्धनौकेशीं झालेल्या लढाईंत नष्ट झाली. मागाहून विलायतेहून दुसरे आराखडे आले, तेव्हां काम सुरू झालें. ती नौका आजहि हार्टलपूल येथें पाण्यावर आहे.

आंग्र्यांच्या गुराबेसाठीं असा दुसरा कागद कोठून आणावयाचा? कोंकणच्या सुताराचा आराखडा त्याच्या डोळ्यांत आणि हातांत असे. तो बापाकडून मुलाकडे जाई, कागदावर उतरत नसे. तेव्हां प्रतिकृति करणाऱ्याला शत्रुपक्षाच्या लेखणीचा आश्रय घ्यावा लागतो. कंपनीच्या कारभाराचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें अठराव्या शतकांत केलेलें वर्णन सुदैवानें एखाद्या चौकस सुताराला शोभेल असें आहे. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारें ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची फार तर १५० टनांची. लांबीच्या मानानें ती बरीच रुंद, मध्यापासून टोंकाकडे निमुळती होत जाणारी, आणि उथळ पाण्यांत चालणारी. पुढें नेहमींच्या नाळेऐवजीं भूमध्य समुद्रांतील गॅलीसारखी लांब चोंच. त्या चोंचेवरील तक्तपोशीला कठडा नसे. समोरून लाटा आल्या म्हणजे गुराब जोरानें डुंबे; कठडा असता तर चढलेलें पाणी तेथेंच कोंडलें असतें, तो नसल्यामुळें तें सरळ वाहून जाई. चोंचेच्या मागें आडवी भिंत, आणि तींतील भोंकांतून समोर रोखलेल्या दोन नऊ किंवा बारा पौंडी तोफा. पाठलागांत शिकार पुढेंच असते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही रचना उलगडते.

परंतु लांबी किती? ऑर्म ती देत नाहीं. टन मात्र देतो. त्या काळीं इंग्रज लोक कण्याची लांबी, रुंदी आणि निम्मी रुंदी यांचा गुणाकार करून त्यास ९४ नीं भागीत व टन काढीत. १५० टन याच रीतीचे धरले आणि कणा रुंदीच्या तिप्पट मानला, तर रुंदी सुमारें २१ फूट व कणा ६३ फूट येतो. अडीचपट मानला तर रुंदी साडेबावीस फुटांच्या आंत आणि कणा ५६ फूट. म्हणजे टेबलावरील प्रतिकृतींत पावणेदोन इंचांचा फरक! दोन्ही गुराबा ऑर्मच्या वर्णनांत बसतात, पण दोन्ही खऱ्या असूं शकत नाहींत.

गुराबेशेजारीं एखादें गलबत हवेंच. वारा पडला म्हणजे चाळीस-पन्नास वल्ह्यांचीं गलबतें गुराबांना ओढून नेत. त्यांवर वजन कमी राहावें म्हणून चिरलेल्या बांबूंची तक्तपोशी असे. लांकडाच्या बाबतींत मात्र मूळचा आग्रह सोडावा हें बरें. एक इंच जाडीचा दोर या प्रमाणांत शिवणाच्या दोऱ्याएवढा होतो; सागवानाच्या रेषा मात्र आहेत तेवढ्याच जाड राहतात आणि नौका ओबडधोबड दिसते. म्हणून जाणते लोक पेअर किंवा बॉक्सवुड यांसारखें बारीक पोताचें लांकूड वापरतात.

ज्यांवरून मापें घेतां आलीं असतीं त्या गुराबा १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गापाशीं जळाल्या. वॉटसनच्या आरमाराचा एक गोळा, तुळाजी आंग्र्यानें पूर्वीं कंपनीपासून जिंकलेल्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. तें पेटलें, आणि आग एकामागून एक गुराबांना लागली. त्या मोहिमेंत पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते, ही गोष्ट मराठी वाचकाला आजहि बोंचते.

गुराबेच्या पिछाडीची घडण कशी होती, हें ऑर्मच्या वर्णनांत नाहीं. हौशी कारागीर बहुधा तेथें युरोपियन जहाजाची नक्षीदार पिछाडी बसवून मोकळा होतो. त्यापेक्षां ग्रिनिचच्या जुन्या कारागिरांची युक्ति उचलावी: चोंच, आडवी भिंत, दोन तोफा पूर्ण कराव्यात, आणि पिछाडीच्या फासळ्यांवर फळ्या न मारतां त्या तशाच उघड्या ठेवाव्यात.