घडीचे जुने चाकू आणि सांबरशिंगाची मूठ

घडीचे जुने चाकू जमविण्याचा छंद ब्रिटन आणि अमेरिकेत गांभीर्याने जोपासला जातो. या चाकूंचे मोल ठरविताना पात्याइतकेच मुठीकडेही पाहिले जाते आणि तेथे त्यांचा संबंध थेट भारतीय जंगलांशी येतो.

या संग्रहांत ‘जॅकनाइफ’ या प्रकाराला विशेष स्थान आहे. त्याची एक किंवा दोन पाती मुठीच्या एकाच टोकाला जोडलेली असतात. ‘पेननाइफ’मध्ये ती सहसा दोन्ही टोकांना असतात. इंग्लंडमधील शेफिल्ड शहर या कारागिरीचे प्रमुख केंद्र होते. तेथील चाकू कारागिरांच्या संघटनेला इंग्लंडच्या संसदेने १६२४ मध्ये कायद्याने मान्यता दिली.

जॅकनाइफला सहसा खटक्याचे कुलूप नसते. मुठीच्या पाठीतील पोलादी पट्टीची स्प्रिंग पात्याच्या बुडावर दाब देते आणि त्या दाबानेच पाते उघडे किंवा मिटलेले राहते. पाते अडखळल्याविना फिरावे आणि शेवटी ‘टक्’ असा खणखणीत आवाज व्हावा, ही उत्तम जोडणीची खूण मानली जाते. मिटलेले पाते मध्यभागी राहते का, स्प्रिंग आणि बाजूच्या पट्ट्यांमध्ये फट दिसते का, वारंवार धार लावल्याने पाते झिजले आहे का, हेही जाणकार तपासतात. कार्बन पोलादावर कालांतराने चढणारी करडी छटा दोष ठरत नाही. लाल गंज मात्र पाते खातो. चकचकीत करण्याच्या नादात जुना चाकू घासून काढल्यास त्याची किंमत घटते.

चाकूचा काळ ठरविण्यास पात्याच्या बुडाशी उमटविलेला निर्मात्याचा शिक्का उपयोगी पडतो. अमेरिकेच्या १८९० च्या आयात शुल्क कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव बंधनकारक केले. त्यामुळे ‘इंग्लंड’ असा शब्द कोरलेला चाकू बहुधा त्यानंतरचा असतो. तो शब्द नसणे हा मात्र चाकू त्याहून जुना असल्याचा पुरावा नव्हे.

मुठीसाठी लाकूड, हाड, शिंपला आणि शिंग वापरले जाई. त्यांत भारतीय सांबराच्या शिंगाला मोठी मागणी होती. सांबराची शिंगे ठराविक काळाने गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. त्यांचा गाभा भरीव असल्याने मूठ टिकाऊ होते. खडबडीत पृष्ठभागामुळे पकडही घट्ट बसते. गळालेली शिंगे गोळा करण्यासाठी प्राणी मारावा लागत नाही. मात्र कापून वस्तू बनविलेले शिंग गळालेले होते की शिकारीतून मिळविलेले, हे ओळखणे कठीण असते. भारताने १९९८ मध्ये अशा शिंगांची निर्यात थांबविली. त्यानंतर परदेशी कारागिरांना जुन्या साठ्यावर किंवा पर्यायी साहित्यावर अवलंबून राहावे लागले आणि अस्सल सांबरशिंगी मुठीचे जुने चाकू अधिक दुर्मीळ झाले.

भारतातील संग्राहकांनी येथेच सावध राहायला हवे. सांबर हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षित प्राणी आहे. त्यामुळे वस्तू जुनी आहे, एवढ्या आधारावर शिंगाच्या मुठीचा चाकू विकत घेणे, विकणे किंवा परदेशातून मागविणे कायदेशीर ठरेलच असे नाही. व्यवहारापूर्वी वन विभागाकडे विचारणा करणे इष्ट. हाडाच्या किंवा लाकडाच्या मुठीच्या चाकूंतही तीच कारागिरी पाहायला मिळते आणि नव्या संग्राहकाने सुरुवात त्यांपासून करणे अधिक सोयीचे.